आजोबांच्या खोड्या

जुन्या सुशिक्षित घरांत आजोबांची एक तसबीर दिवाणखान्यात असते आणि एक गोष्ट माजघरात असते. तसबिरीतले आजोबा पगडी घालून, हातात काठी धरून, छायाचित्रकाराच्या हुकुमाप्रमाणे श्वास रोखून बसलेले असतात. माजघरातले आजोबा शेजाऱ्याच्या फणसावर चढलेले असतात, डुलकी घेणाऱ्या पंतोजींची शेंडी खांबाला बांधीत असतात, किंवा रात्री अंथरुणात लोड निजवून, त्यावर पांघरूण घालून नाटकाला पळालेले असतात. चरित्रकार घरी आला म्हणजे त्याला दिवाणखान्यात बसवितात, तसबीर दाखवितात, सनदा, प्रशस्तिपत्रे व पेन्शनीचे कागद त्याच्यापुढे ठेवितात. माजघरातली गोष्ट मात्र तो उठून गेल्यावर, पानावर बसल्यावेळी, मुलांच्या आग्रहावरून निघते. इतिहास शिकविण्यात आमची उणीपुरी तीस वर्षे गेली. इतक्या काळानंतर आमचे मत असे बनले आहे की, सनदांबरोबर ही गोष्टही इतिहासकाराने आवर्जून मागून घ्यावी. वाचक विचारतील की, ती खरी तरी असते काय? पुष्कळदा नसते, आणि तिचा हा दोष प्रथमच सांगून मोकळे झालेले बरे.

या गोष्टींना साल नसते. ‘आजोबा लहान असताना’ एवढा त्यांचा शक. स्थळही बहुधा ‘आपल्या गावी’ एवढेच. शिवाय एकाच खोडीवर दहा घराण्यांचा हक्क असतो. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस पुष्कळ वर्षे एक काम नेमून देत असू: दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा आजोबांच्या अथवा पणजोबांच्या तरुणपणाची एक गोष्ट लिहून आणा. जी वह्यांची चळत जमे तीत पिंपळाखाली भुताचे सोंग घेऊन बसलेले आणि शेवटी आपल्याच सावलीस भ्यालेले आजोबा दरवर्षी चार-पाच तरी असावयाचेच. कोकणातल्या आजोबांचे भूत घाटावरच्या आजोबांच्या भुताहून निराळे नसे. १९४२ च्या चळवळीविषयी तर विचारूच नये. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी तारायंत्राच्या तारा तुटल्या, ही गोष्ट निःसंशय खरी. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनी तोडलेल्या तारांची बेरीज केली, तर मुंबईपासून नागपुरापर्यंत एकही तार शिल्लक राहिली नसती आणि सरकारास कबुतरे पाळावी लागली असती.

तेव्हा अमुक घटना अमुक दिवशी घडली की नाही, हे ठरविण्याच्या कामी अशा गोष्टीचा उपयोग थोडा. मग उपयोग कशाचा? महात्मा गांधींच्या आत्मकथेच्या आरंभीच त्यांच्या आजोबांची, म्हणजे उत्तमचंद ऊर्फ ओता गांधी यांची, एक कथा आहे. ओता गांधी पोरबंदरचे दिवाण होते. दरबारातील कारस्थानांमुळे त्यांना पोरबंदर सोडून जुनागढच्या आश्रयास जावे लागले. तेथे त्यांनी नवाबाला डाव्या हाताने सलाम केला. हा उद्धटपणा कशासाठी, असे कोणी विचारले तेव्हा ते म्हणाले की, उजवा हात पोरबंदरला वाहून टाकलेला आहे. हा सलाम कोणत्या वर्षी झाला आणि दरबारात त्या वेळी कोण कोण हजर होते, ते नातवाने सांगितलेले नाही. घरात जसे ऐकले तसे लिहिले. पण काठेवाडातल्या लहान संस्थानांत चाकरी म्हणजे काय समजत, ज्याने हाकलले त्या धन्याचे मीठ किती काळ स्मरत, आणि असा अवखळपणा पुढच्या पिढ्यांना भूषणास्पद वाटे, या तीन गोष्टी त्या एका डाव्या हातात आल्या आहेत. दरबारच्या दप्तरात ओता गांधींच्या नेमणुकीचा कागद सापडेल, हा हात सापडणार नाही.

खोडीचा म्हणून एक विशेष आहे. कोठे तरी एखादी भिंत असल्यावाचून खोडी होत नाही. ज्या आवारास कुंपणच नाही त्यातला आंबा तोडला तर ती चोरी नव्हे आणि पराक्रमही नव्हे. म्हणून आजोबांच्या खोडीची कथा हाती आली म्हणजे कोणती भिंत त्यांनी ओलांडली, हे आधी पाहावे. पुढच्या पिढ्यांत बहुधा भिंत पडून गेलेली असते व नुसती उडी उरते. आणि सपाट जमिनीवर मारलेली उडी नातवंडांस साहजिकच हास्यास्पद वाटते.

मुंबईच्या परमहंस सभेचेच उदाहरण घ्या. ही सभा १८४९ साली निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे एक प्रवर्तक होते. राम बाळकृष्ण हे अध्यक्ष. इंग्रजी विद्येने ज्यांच्या डोक्यात नवे वारे शिरले होते अशी तरुण मंडळी तीत होती. जातिभेद मानावयाचा नाही व मूर्तिपूजा करावयाची नाही, हे सभेचे मत. पण उघडपणे हे बोलण्याची सोय नव्हती, म्हणून सगळा कारभार गुप्त. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, म्हणजे तो सभेत आला, असा परिपाठ असे. सभेचे बळ पुरेसे वाढेपर्यंत जगाला काही कळू द्यावयाचे नाही, असा त्यांचा बेत होता.

आता हा पावाचा तुकडा आजच्या नातवंडांपुढे ठेवून पाहा. सकाळी चहाबरोबर, दुपारी वड्याबरोबर आणि संध्याकाळी मिसळीबरोबर जो पदार्थ ती खातात, तो आपल्या खापरपणजोबांनी दाराला कडी घालून, कान बाहेर लावून आणि छातीत धडधड होत असता गिळला, हे ऐकून त्यांस हसू आल्यावाचून राहत नाही. त्यांचा यात काय अपराध? भिंत त्यांनी पाहिलेलीच नाही. पंक्तीतून उठविले जाणे, न्हाव्याने व धोब्याने दार वर्ज्य करणे, श्राद्धाला ब्राह्मण न मिळणे, मुलीस स्थळ न येणे, आणि शेवटी तिरडीला चार खांदे गोळा करण्यासाठी म्हाताऱ्या आईने दारोदार फिरणे, इतके सगळे त्या तुकड्याच्या पाठीमागे उभे होते. पाव खाणारी माणसे वयाने विशी-पंचविशीची; बहुतेकांची लग्ने झालेली; घरात वडील जिवंत.

सुमारे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे बाहेर फुटली, आणि सभा पाहता पाहता विरून गेली. त्या दिवसांत मुंबईतल्या कित्येक घरांत काय बोलाचाली झाल्या असतील, याची कल्पना ज्याने त्याने करावी. बाबा पदमनजी हे एके काळी या मंडळीत होते. त्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म घेतल्यावर ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात (१८८८) तिची हकीकत लिहिली. ज्यांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते, त्यांना लिहिणे सोपे होते. बाकीच्यांनी मौन धरले. त्यांतलेच काही १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेस उघडपणे पुढे आले. तिचे अग्रणी डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे दादोबांचेच धाकटे बंधू. अठरा वर्षांत माजघरातील खोडी दिवाणखान्यात येऊन बसली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र येताना ती पावाचा तुकडा मागे ठेवून आली. प्रार्थना समाजात प्रवेशासाठी कोणी कोणाच्या हातचे काही खावे असा दंडक राहिला नाही.

थोर पुरुषांच्या खोड्यांचे भाग्य याहून वेगळे. सामान्य आजोबांची खोडी विसरली जाते. थोर पुरुषाची खोडी धुऊन, पांढरी करून, क्रमिक पुस्तकात वाळत घातली जाते. लोकमान्य टिळकांइतका या धुलाईचा अनुभव दुसऱ्या कोणाच्या वाट्यास आला नसेल. १ ऑगस्ट १९२० रोजी ते वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत सदाशिव विनायक बापट यांनी त्यांच्या आठवणी व आख्यायिका गोळा करून १९२४ पासून तीन खंडांत छापल्या. ज्यांनी लोकमान्यांना पाहिले होते अशा शेकडो लोकांकडून या आठवणी बापटांनी मिळविल्या. एखाद्या गावाने आपल्या आजोबांची सारी माजघरे एकदम उघडून द्यावी तसा हा ग्रंथ आहे, आणि त्याचे ऋण मराठी वाचकांनी पुरेसे मानलेले नाही असे आम्हांस वाटते. ‘आठवणी’ आणि ‘आख्यायिका’ हे दोन शब्द बापटांनी मुखपृष्ठावरच वेगळे ठेविले, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेले. कॉलेजची येरवड्याकडील दगडी इमारत तेव्हा नवीनच, पाच वर्षांची होती. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा; आई कधीच गेलेली; वडील गंगाधरपंत आदल्या साली वारलेले; लग्न झालेले; अंगाने किरकोळ. या मुलाने पहिले वर्ष पुस्तकांस न देता तालमीस दिले. जोर, बैठका, कुस्ती, पोहणे आणि त्याला साजेल असा आहार. परिणामी वर्ष फुकट गेले, पण शरीर झाले. कॉलेजात त्यांना दोन नावे पडली: एक ‘ब्लंट’, तोंडाला फडकी न बांधण्याबद्दल, दुसरे ‘डेव्हिल’, म्हणजे सैतान. हे दुसरे नाव कशाने पडले ते सांगणारे अनेक आहेत. नाजूक प्रकृतीचे विद्यार्थी खोलीत औषधांच्या बाटल्या मांडून ठेवीत. टिळक आत शिरून त्या बाटल्या बाहेर भिरकावीत आणि ‘माझ्याबरोबर तालमीत चल, औषध लागणार नाही’ असे वर बजावीत. कोणी शौकीन गृहस्थ बिछान्यावर फुले पसरून निजे. त्याच्या बिछान्याची दशा करून टाकीत. दाराला कडी लावून भागत नसे, कारण खिडक्या होत्या.

या कथा चरित्रांत आहेत. पण शाळेतल्या मुलाला विचारा, त्याला त्यांतली एकही ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती शेंगांच्या टरफलांची गोष्ट. वर्गात कोणी शेंगा खाऊन टरफले टाकली; गुरुजींनी सर्वांस छडी मारावयाचे ठरविले; ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही’ असे म्हणून बाळ टिळक वर्गाबाहेर पडले. आता या कथेत खोडी कोठे आहे ते वाचकांनीच शोधावे. जी काय खोडी आहे ती दुसऱ्या मुलांनी केली! नायकाच्या वाट्यास केवळ बाणेदारपणा आला. मंडालेला जाऊन आलेल्या लोकमान्यांना अर्धी चड्डी घालून बाकावर बसविले म्हणजे जे चित्र होईल ते हे. साल नाही, शाळा नाही, गुरुजींचे नाव नाही. याबद्दल आमची तक्रार नाही, कारण घरगुती गोष्टीतही ही सारी उणीव असतेच. तक्रार एवढीच की, माजघरातली गोष्ट निदान आजोबांना खट्याळ राहू देते.

बाटल्यांची गोष्ट क्रमिक पुस्तकात का गेली नाही, हे उघड आहे. ती गैरसोयीची आहे. आजारी मुलाचे औषध फेकून देणे हे काही सदाचरणाच्या धड्यात बसत नाही. आम्ही त्या आजारी मुलाच्या जागी असतो तर आम्हीही त्यांना डेव्हिलच म्हटले असते, आणि तेही मराठीत. सशक्त झालेल्या माणसाला अशक्ताविषयी जी एक निर्दय घाई असते ती या खोडीत आहे, आणि टिळकांच्या पुढील आयुष्यातील कित्येक वादांत ती पुन्हा भेटते. चरित्रकाराने ती झाकू नये.

पण एवढ्याने ती कथा संपत नाही. तिच्यात तत्कालीन एक खरी भीती साठविलेली आहे. त्या पिढीतले विद्वान लोक तरुणपणी मरत. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले, तेव्हा त्यांस बत्तिसावे वर्ष होते. काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी. टिळकांचे कॉलेजातील मित्र गोपाळ गणेश आगरकर यांना दम्याने पोखरले आणि १८९५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते गेले. पुढे गोखलेही एकोणपन्नासाव्या वर्षात, १९१५ साली. पदवीधर लवकर का मरतात, ही त्या काळच्या सुशिक्षितांत वारंवार होणारी चर्चा होती: परीक्षांचे ओझे, लहानपणी झालेली लग्ने, निकृष्ट अन्न, व्यायामाचा तिटकारा, अशी अनेक कारणे पुढे येत. ज्या मुलाने सतराव्या वर्षाच्या आत आई आणि वडील दोघेही गमावले, त्याने पहिले वर्ष तालमीत का घालविले आणि औषधाची बाटली दिसली म्हणजे त्याचे डोके का फिरे, याचा उलगडा या नामावळीत होतो. शेंगांची टरफले कितीही उलटीपालटी केली तरी तीतून यांपैकी काही निघत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांची बालपणाची गोष्ट अगदी उलट जातीची आहे, म्हणून तिचा जाता जाता उल्लेख करतो. खेळावयास कोणी नसले म्हणजे हा मुलगा खांबाला गडी करी. एक हात स्वतःचा, एक हात खांबाचा, अशा सोंगट्या टाकी आणि खांबाचा डाव आला तर तो मुकाट्याने हरे. लोक हसले, तर ‘खांब जिंकला त्याला मी काय करू’ असे म्हणे. ही खोडी म्हणावी की खोडीचा अभाव म्हणावा, हे आम्हांस अद्यापि ठरविता आलेले नाही. पण ज्याने तो मनुष्य पुढे पाहिला आहे त्यास ही कथा खोटी वाटत नाही, आणि ती कोणी पांढरी केल्याचीही खूण तीत दिसत नाही. बहुधा मुळातच ती पांढरी होती.

हेच रानडे, तेच टिळक आणि तरुण गोपाळराव गोखले एकाच चहाच्या मेजाशी जेथे सापडले, ती खोडी मात्र साऱ्या महाराष्ट्राच्या आजोबांची म्हटली पाहिजे. सन १८९०, महिना ऑक्टोबर, स्थळ पुण्यातील पंचहौद मिशन. पुण्यातील प्रतिष्ठित मंडळीस तेथे बोलाविणे होते. भाषण झाले, आणि त्यानंतर मिशनच्या मंडळींनी चहा व बिस्किटे पुढे केली. रानडे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे, टिळक चौतीस वर्षांचे, गोखले चोवीस वर्षांचे. कोणी चहा घेतला. कोणी यजमानांचा मान म्हणून पेल्यास हात लावला व तो तसाच खाली ठेवला. कोणी त्याकडे पाहिले नाही. झाले ते एवढेच. घरी जाऊन सगळे निजले.

या मेळाव्याच्या पाठीमागे गोपाळराव जोशी हे गृहस्थ होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती. पत्नीस अमेरिकेस पाठवून १८८६ साली डॉक्टर करविणारा, आणि ती १८८६ च्या अखेरीस परत येऊन थोड्याच महिन्यांत वारल्यावर एकटा उरलेला हा विक्षिप्त मनुष्य. सुधारक बोलतात तसे वागत नाहीत आणि सनातनी म्हणवितात तसे असत नाहीत, हे चारचौघांत दाखविण्याची त्यास भारी हौस. त्याने त्या दिवशी हजर असलेल्यांच्या नावांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणिली. पेला ओठाला लावणारा आणि नुसता हाताने सरकविणारा, असा भेद त्या यादीत नव्हता. वयाने ते तरुण राहिले नव्हते, तरी खोडी अस्सल शाळकरी होती: सगळ्यांना एका खोलीत गोळा करावे आणि बाहेरून कडी लावावी.

पुढचे ग्रामण्य दीड-दोन वर्षे चालले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली. चौकशीस शास्त्री नेमले गेले. चाळिसांहून अधिक गृहस्थांवर ठपका आला. परमहंस सभेच्या वेळची तीच भिंत, फक्त पावाच्या जागी बिस्किट. तीस वर्षांत ती एक वीतभरही खचली नव्हती, ही गोष्ट या प्रकरणावरून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कोणत्याही कागदावरून होत नाही. टिळकांनी धर्मशास्त्राच्या आधारे ‘केसरी’तून आपली बाजू लढविली आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले, तरीही घरच्या कार्यांना भटजी मिळविताना त्यांची पंचाईत झाल्याचे चरित्रकार लिहितात. ज्याने बंद दारे खिडकीतून ओलांडली त्या ‘डेव्हिला’ची ही अवस्था, मग बाकीच्यांचे काय झाले असेल? रानड्यांनी प्रायश्चित्त घ्यावयाचे नाही असे आरंभी ठेविले होते. पण बहिष्कारात सापडलेल्या मित्रांच्या घरच्या अडचणी वाढत गेल्या, आणि १८९२ साली त्यांनीही इतरांबरोबर प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना हे रुचले नाही व सनातन्यांचे त्याने समाधान झाले नाही. ज्या माणसाने खांबाचाही डाव प्रामाणिकपणे खेळला, त्याला येथे कोणाच्या हाताने सोंगट्या टाकाव्या लागल्या, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुण्यातील जुन्या घरांत चहाची ही कथा अजून कधी कधी ऐकू येते. आमच्या आजोबांच्या वडिलांनी मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला, सगळ्या पुण्याने बहिष्कार टाकला, पण ते डगमगले नाहीत, असे सांगताना सांगणाऱ्याची मान ताठ होते. कथा पेल्यापाशी सुरू होते आणि बहिष्कारापाशी संपते. प्रायश्चित्ताच्या पाटापर्यंत ती सहसा पोचत नाही. माजघरातल्या कथेची खरी लबाडी आम्हांस येथे दिसते. ती काय सांगते ते बहुधा निरुपद्रवी असते. ती कोठे थांबते, इकडे इतिहासकाराने लक्ष द्यावे. दिवाणखाना आजोबांचे खट्याळपण लपवितो, माजघर त्यांचे नमणे लपविते.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो एका स्त्रीचा आहे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. न्यायमूर्तींना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. सगळीकडे त्यांचा जयजयकार चालू होता. चहाचे प्रकरण गाळले असते तरी कोणी विचारणारे नव्हते. पण रमाबाईंनी ते सांगितले, आणि प्रायश्चित्तही सांगितले. घरातल्या बायकांच्या टोमण्यांना तोंड देत ज्यांनी चोरासारखे इंग्रजी शिकून घेतले होते, त्यांना भिंत म्हणजे काय हे बहुधा पुरुषांपेक्षा चांगले ठाऊक होते. आजींच्या खोड्यांची कथा कोणी सांगत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांच्या वह्यांतही पाहिले; शेकडो वह्यांत आजी आढळते ती गोष्ट सांगणारी म्हणून. मग सांगताना कोठे थांबावयाचे हे तीच ठरविते, आणि तिला नीट विचारले तर पुढचेही तीच सांगते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यातील एका वाड्यात आम्ही अशाच एका वयोवृद्ध बाईंकडे गेलो होतो. त्यांच्या आजोबांचे नाव त्या यादीत होते असे घरात सांगत. बाईंनी चहाची कथा मोठ्या रंगात सांगितली. आजोबांनी पेला उचलला कसा, बिस्किट खिशात टाकले कसे, घरी येऊन पणजीबाईंना भीतभीत ते दाखविले कसे, सगळे साभिनय झाले. बहिष्कारापर्यंत आल्यावर त्या थांबल्या. आम्ही विचारले, “मग पुढे काय झाले?” त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. “पुढे काय व्हायचे?” त्या म्हणाल्या. “आत्याबाईंना अकरावे लागले होते. आजोबांनी क्षौर केले, पंचगव्य घेतले, आणि त्याच वैशाखात लग्न उरकले.” एवढे बोलून त्या आमच्यासाठी चहा टाकावयास आत गेल्या.